आखडलेली मान स्वतःच मोकळी करा: घरच्या घरी शियात्सू

दिवसभर मान खाली घालून काम केलं की संध्याकाळी खांदे दगड होतात. या दुखण्याला जपानीत स्वतंत्र शब्दच आहे, काताकोरी. त्यावर शियात्सूचा चांगला उपयोग होतो. 'शि' म्हणजे बोट, 'आत्सु' म्हणजे दाब. तोकुजिरो नामिकोशी यांनी लहानपणी होक्काइदोत आईचे दुखरे सांधे दाबता दाबता ही पद्धत घडवली आणि १९४० मध्ये तोक्योत तिची शाळा काढली.

आपल्याला तेल लावून चोळायची सवय आहे. इथे चोळायचं अजिबात नाही. बोट एका जागी ठेवायचं, सरळ आत दाबायचं, थांबायचं, सोडायचं. तेलाने बोट घसरतं, म्हणून तेलही नको. नखं मात्र आधी कापा.

हाताला मुंग्या येत असतील, पडल्यामुळे मान दुखत असेल, हाडं ठिसूळ झाली असतील किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

खांदा: डाव्या हाताची मधली तीन बोटं उजव्या खांद्यावर, मान आणि खांद्याचं टोक यांच्या मधोमध ठेवा. कोपर सैल सोडा. हाताच्या वजनानेच निम्मा दाब येतो. श्वास सोडत हळूहळू दाब वाढवा, पाच सेकंद थांबा, तितक्याच हळू सोडा. असं तीनदा. दाब किती? जपानी लोक म्हणतात 'इताकिमोची ई', म्हणजे दुखतंय पण बरं वाटतंय. दात आवळले गेले, श्वास अडला, की जास्त झालं समजा.

मान: बोटं डोक्यामागे गुंफा. कवटीच्या तळाशी, मधल्या दोन जाड स्नायूंच्या बाहेरच्या बाजूला एकेक खळगा लागेल. तिथे अंगठ्याच्या पेराचा मांसल भाग ठेवा, टोक नव्हे, आणि डोकं अलगद मागे टेकू द्या. तीन सेकंद पुरे. मानेच्या पुढच्या बाजूला, नाडी लागते तिथे, कधीही दाबू नका.

हात: अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात तर्जनीच्या हाडाच्या कडेला दाबा. या जागेला गोकोकु म्हणतात. डोकं जड झालं तर मी आधी हीच दाबते. गरोदरपणी ही आणि खांद्यावरची जागा टाळा.

पाठीच्या फऱ्यापर्यंत स्वतःचा हात पोचत नाही. मोज्यात टेनिसचा चेंडू घाला, मोजा खांद्यावरून मागे सोडा आणि भिंतीला पाठ टेकवा. चेंडू मणका आणि फरा यांच्या मधल्या मऊ भागावर हवा, मणक्यावर नको.