कागदावरची हलकी क्रूझर : आराखडा करताना या चुका टाळा

1900 ते 1914 या काळातील हलक्या क्रूझरचे (लहान, वेगवान युद्धनौकांचे) हौसेने रचलेले काल्पनिक आराखडे पाहिले, तर एक दोष वारंवार आढळतो. वेग एका जहाजाचा, तोफा दुसऱ्याच्या, चिलखत तिसऱ्याचे आणि विस्थापन (म्हणजे जहाजाचे एकूण वजन) मात्र या सर्वांत लहान असलेल्या जहाजाचे घेतलेले असते. म्हणून पहिली रेघ ओढण्यापूर्वी आराखडा कोणत्या वर्षी मंजूर झाला आणि जहाजाचे मुख्य काम कोणते, हे लिहून ठेवावे. विनाशिकांच्या ताफ्याचे नेतृत्व, मुख्य ताफ्यापुढे टेहळणी आणि दूरच्या समुद्रात व्यापारी मार्गांचे रक्षण ही तीन वेगळी कामे आहेत. ब्रिटनने 1904-05 च्या सुमारास पाण्यात उतरवलेल्या आठ स्काउट (टेहळणीच्या) क्रूझर 25 नॉट (ताशी सागरी मैल) वेगाच्या होत्या, परंतु त्यांच्यावर सुरुवातीला केवळ दहा 12-पौंडी (सुमारे 12 पौंडांचा गोळा फेकणाऱ्या) तोफा होत्या. टर्बाइनच्या (वाफेच्या झोताने फिरणाऱ्या इंजिनाच्या) विनाशिका आल्यावर त्यांचा वेगही अपुरा पडला आणि दूरच्या कामासाठी तर त्या बांधलेल्याच नव्हत्या.

सर्वांत महागडी चूक वेगाची आहे. ‘शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते’ हा नियम बहुतेकांना ठाऊक असतो, पण तो येथे अपुरा पडतो. 1908 मध्ये पाण्यात उतरलेल्या जर्मन एमडेनचे विस्थापन सुमारे 3,660 टन होते आणि 13,500 अश्वशक्तीवर तिचा अपेक्षित वेग 23.5 नॉट होता. जवळपास तेवढ्याच विस्थापनाच्या ब्रिटिश अरेथ्युझाला 28.5 नॉटसाठी, घनाच्या नियमाने हिशोब केल्यास, सुमारे 24,000 अश्वशक्ती पुरायला हवी होती. प्रत्यक्षात 40,000 ठेवावी लागली, तीही अरेथ्युझाची लांबी एमडेनपेक्षा 15 मीटरने अधिक असताना. एवढी यंत्रे त्या देहात मावली, कारण 1912 पर्यंत केवळ तेलावर चालणारे बॉयलर आणि विनाशिकांच्या धर्तीची वेगवान टर्बाइन वापरता येऊ लागली होती. त्याची किंमत अंतर्भागातील दाटीने आणि दोन 6 इंची व सहा 4 इंची अशा संमिश्र तोफांनी चुकवावी लागली. ज्याला 1906 च्या कोळशाच्या जहाजात 28 नॉट हवे आहेत, त्याने आधी विस्थापनाचा आकडा पुन्हा पाहावा.

तोफांची एकूण संख्या मोजणे हीसुद्धा फसवी सवय आहे. एमडेनवर 10.5 सेंटिमीटरच्या दहा तोफा होत्या आणि तिच्याशी पुढे लढलेल्या ऑस्ट्रेलियन क्रूझर सिडनीवर 6 इंची आठ. पण मांडणीमुळे दोघींच्याही पाचच तोफा एका बाजूला मारा करू शकत. एमडेनचा गोळा सुमारे 17 किलोचा आणि सिडनीचा सुमारे 45 किलोचा असल्याने एका फैरीचे वजन 85 विरुद्ध 225 किलो असे पडते. 9 नोव्हेंबर 1914 रोजी कोकोस बेटांजवळ एमडेनने सुरुवातीला दूरवरून अचूक मारा केला, तरी निकाल याच फरकाने ठरला. मात्र सिडनी सुमारे 5,400 टनांची होती, हे विसरून 6 इंची तोफा 3,000 टनांच्या जहाजावर चढवू नयेत. एकीच्या मागे दुसरी उंचावर बसवलेली तोफजोडी 1905 च्या हलक्या क्रूझरवर दाखवणेही कालविसंगत आहे. शिवाय त्या उंचीमुळे वजन वर जाते आणि तोल बिघडतो.

टर्बाइन बसवले की पल्ला वाढेल, हा समजही तपासून घ्यावा. 1903 मध्ये पाण्यात उतरलेली अ‍ॅमेथिस्ट ही टर्बाइनवर चालणारी पहिली क्रूझर होती. पिस्टन इंजिनांच्या तिच्या भगिनी जहाजांशी तुलना केली असता सुमारे 14 नॉटच्या वर तिला कोळसा कमी लागे, पण संथ वेगात हा फायदा उरत नसे, कारण गिअर नसल्यामुळे टर्बाइन आणि जहाज ढकलणारा पाण्यातील पंखा यांपैकी एकाला नेहमी गैरसोयीच्या गतीने फिरावे लागे. व्यापारी मार्गांवर महिनोन्‌महिने 10-12 नॉटने फिरायचे असेल, तर जुनी पिस्टन इंजिने मुळीच लाजिरवाणी नाहीत.

स्प्रिंगशार्पसारख्या, युद्धनौकांचे आराखडे तपासणाऱ्या संगणक प्रणालीत देहाची एकत्रित मजबुती 1.00 च्या खाली आली, तर यंत्रे, चिलखत, तोफा आणि इंधन वजा केल्यावर देहासाठी पुरेसे वजन उरलेले नाही, असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी विस्थापन डोळे झाकून वाढवू नये, कारण नवे विस्थापन नवी अश्वशक्ती मागते. प्रथम वेग अर्ध्या ते एका नॉटने कमी करावा, मग चिलखती पट्टा यंत्रकक्ष आणि दारूगोळ्याच्या कोठारांपुरता आखडावा आणि त्यानंतरच तोफांना हात लावावा. स्थैर्याचा आकडा खाली आल्यास पूल (जहाज हाकण्याचा उंच मंच), डोलकाठ्या आणि वरच्या तोफा यांचे वजन पाहावे. केवळ रुंदी वाढवून हा आकडा सुधारतो खरा, पण जहाज झटक्याने डोलू लागते आणि नेम धरणे कठीण होते.

नाळेची, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाची, उंची तर बहुतेक आराखड्यांत शेवटी आठवते. ब्रिटिश सी-वर्गाच्या क्रूझर पुढच्या बाजूला इतके पाणी घेत की, त्या मालिकेतील शेवटच्या कार्लाइल गटाला उंचावलेली नाळ द्यावी लागली. पुढची तोफ लाटेखाली जात असेल, तर ती फैरीच्या हिशोबात धरू नये.