स्विचमधून सुटायला एक्सेप्शन फेकू नका

जावा या प्रोग्रामिंग भाषेत व्हाइल लूपच्या (अट खरी असेपर्यंत तोच कोड पुन्हा पुन्हा चालवणारी रचना) पोटात स्विच (किमतीनुसार योग्य केस निवडणारी रचना) असला की ही अडचण हमखास येते. समजा, लूप दर फेरीला मेनू दाखवतो आणि त्यातला ४ नंबर म्हणजे ‘बाहेर पडा’. त्या केसमध्ये ब्रेक लिहिला, तरी मेनू पुन्हा समोर हजर! कारण तो ब्रेक फक्त स्विच संपवतो, बाहेरचा लूप चालूच राहतो. मग वैतागून तिथे एक्सेप्शन (काहीतरी चुकल्याचा इशारा) फेकायचं आणि लूपच्या बाहेर कॅचमध्ये झेलायचं, असा जुगाड बरेच जण करतात.

चालतो तो, पण कृपया करू नका. एक्सेप्शन तयार होताना जावा अख्खा स्टॅक ट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची यादी) गोळा करते, ते काम महागडं. त्याहून वाईट म्हणजे कॅच सरसकट, म्हणजे सगळीच एक्सेप्शन झेलणारा असेल तर नल पॉइंटरसारखी (नसलेली वस्तू वापरायला गेल्याची) खरी चूकही तिथेच गिळली जाते. अशी गिळलेली चूक शोधण्यात माझी एक पूर्ण रात्र गेली आहे.

त्याऐवजी व्हाइलच्या आधी लेबल लावा: एखादं नाव, उदाहरणार्थ मेनू, आणि पुढे कोलन. मग केसमध्ये ब्रेक, एक जागा सोडून तेच नाव आणि सेमीकोलन. लूपसकट बाहेर! सी प्लस प्लसमध्ये लेबलवाला ब्रेक नाही. तिथे लूप वेगळ्या फंक्शनमध्ये टाकून रिटर्न करा. मला तर जावातही हेच जास्त स्वच्छ वाटतं.

स्विचच्या डिफॉल्टमध्ये (कोणतीच केस जुळली नाही तर चालणाऱ्या भागात) मात्र, जी किंमत कधी यायलाच नको ती आली, तर एक्सेप्शन जरूर फेका. त्याची खरी जागा तीच.