ग्रुपमधल्या गप्प बसलेल्याला कसं विचारावं

ऑनलाइन वर्गात पाच मिनिटं आधी या, नाव पूर्ण लिहा, माइक बंद ठेवा. झूमवर कॉम्प्युटरवरून बोलताना स्पेसबार दाबून धरा. सोडला की माइक पुन्हा बंद होतो.

ग्रुप प्रोजेक्टचं काम वाटताना प्रत्येक भागापुढे एकच नाव आणि तारीख लिहा. ‘करूया की!’ म्हणणं म्हणजे काम घेणं नव्हे.

आता अवघड भाग. एकाचं काम येत नाही, उत्तरही नाही. ‘ग्रुपवर सगळ्यांसमोर विचारा, लाजेनं करतील’ हा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका. मी ऐकलं होतं. आमचा विषय होता कोल्हापुरी गूळ, ज्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मुलाखती गगनबावड्याच्या मित्राकडे होत्या. ‘एकामुळं सगळे अडकलेत’ असं मी ग्रुपवर लिहिलं. जुलैचा पाऊस, त्याच्याकडं दोन दिवस वीज नव्हती. फोन चालू झाल्यावर त्याला पहिला दिसला तो माझा मेसेज. त्यानं वहीच्या पानांचे फोटो पाठवले आणि ग्रुप सोडला. हंगाम नसल्यानं गुऱ्हाळघरं बंद, म्हणून करवीर तालुक्यातल्या चार मालकांना त्यानं घरी जाऊन गाठलं होतं. पानं भिजून शाई पसरलेली, तरी प्रत्येक मुलाखतीखाली तारीख होती. मी माफी मागितली. पण पुढच्या प्रोजेक्टला तो दुसऱ्या ग्रुपमध्ये गेला.

म्हणून पहिला मेसेज त्याला एकट्यालाच करा. नुसतं ‘झालं का?’ नको. असं लिहा: ‘मुलाखती कुठवर आल्या? शनिवारी सकाळी १० ला सगळं जोडायचंय. टाइप करायला जमत नसेल तर वहीचे फोटो पाठव, मी करतो.’ काम, वेळ आणि मदत, तिन्ही एकाच मेसेजात. निळ्या टिकांवरून मनाचे अर्थ काढू नका. अनेकांनी त्या बंद केलेल्या असतात. संध्याकाळपर्यंत उत्तर नाही आलं तर सरळ फोन करा, आणि पहिला प्रश्न ‘बरा आहेस ना?’ हाच असू दे. तरीही काही कळलं नाही, तर ग्रुपवर ‘हा भाग आता मी घेतोय’ एवढंच लिहा. सरांकडे जायची वेळ आली तर आधी त्याला कळवा.

गूगल डॉक्समध्ये दुसऱ्याचं वाक्य खोडू नका, कमेंट टाका. जमा करण्याआधी पहिल्या पानावरची सगळ्यांची नावं एकदा तपासा. मुलाखती ज्यानं घेतल्या, त्याचं नाव त्या भागापुढे हवंच.