प्रोजेक्टमध्ये संदर्भ कसे द्यावेत?

सबमिशनच्या आदल्या रात्री संदर्भसूची करायला बसलं, की पुस्तक लायब्ररीत परत गेलेलं असतं. म्हणून पुस्तक हातात येताच शीर्षकपानाचा आणि त्यामागच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. लेखक, संपादक, प्रकाशक, आवृत्ती, वर्ष सगळं तिथेच मिळतं.

मग विभागात विचारा, संदर्भ देण्याची शैली कोणती? एमएलए, एपीए आणि शिकागो या त्यातल्या ठरलेल्या पद्धती. एमएलएत कंसात लेखक आणि पान येतं, एपीएत लेखक आणि वर्ष. इतिहासवाले बऱ्याचदा शिकागोच्या तळटिपा मागतात. भेसळ मात्र करू नका.

आता खरी गोम. संदर्भ द्यायचा तो तुम्ही वाचलेल्या प्रतीचा. जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ १८७३ चं, पण तुमच्या हातात असतं १९९१ चं समग्र वाङ्मय. वर्ष १८७३ आणि पान १९९१ च्या प्रतीतलं, असं लिहिलंत तर तपासणाऱ्या मॅडमनी कुठे शोधायचं? एपीएत मजकुरात दोन्ही वर्षं द्या: (फुले, १८७३/१९९१), आणि अवतरण असेल तर पुढे पान. सूचीत असं:

फुले, जोतीराव. (१९९१). गुलामगिरी. य. दि. फडके (संपा.), महात्मा फुले समग्र वाङ्मय. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ. (मूळ प्रकाशन १८७३).

समग्र वाङ्मयाच्या नावापुढे ‘गुलामगिरी’ कोणत्या पानापासून कोणत्या पानापर्यंत आहे, तेही कंसात घाला.

फुल्यांचं वाक्य दुसऱ्याच्या लेखात वाचलं असेल, तर मजकुरात ‘अमुकच्या लेखात उद्धृत’ म्हणा आणि सूचीत तो लेखच टाका. मूळ ग्रंथ न उघडता सूचीत घालणं ही थापच.

स्वतःच्या शब्दांत मांडलेल्या विचारालाही संदर्भ लागतो. चार शब्द फिरवून तो आपला होत नाही. एपीएत ४० किंवा जास्त शब्दांचं अवतरण अवतरणचिन्हांशिवाय, वेगळ्या परिच्छेदात, डावीकडून अर्धा इंच आत घ्या.

मांडणी सोपी आहे. चारही बाजूंनी १ इंच समास, डबल स्पेसिंग, युनिकोड फॉन्ट (जुन्या फॉन्टमधलं टायपिंग दुसऱ्या कॉम्प्युटरवर किडामुंगी दिसतं). सूची आडनावांच्या अकारविल्हे. वर्डमध्ये ती निवडून कंट्रोल आणि टी दाबलं, की पहिली ओळ सोडून बाकीच्या आत सरकतात.

संदर्भ साठवून सूची करून देणारं झोटेरोसारखं फुकटचं सॉफ्टवेअर जरूर वापरा, पण मराठी नावं तपासा, नाव-आडनावाची अदलाबदल झालेली असू शकते. चॅटबॉटने सुचवलेलं पुस्तक प्रत्यक्ष हाती लागेपर्यंत सूचीत नको.

शेवटी प्रिंट काढून पेन घ्या. मजकुरातला प्रत्येक कंस सूचीत आहे का, सूचीतली प्रत्येक नोंद मजकुरात आलीय का, खुणा करत जा. जिला खूण नाही ती नोंद काढा.