जुन्या मराठी आवृत्त्या जमवताय? या चुका टाळा

सांगलीच्या गावभागातलं घर असो, मिरजेतलं असो की वाईचा एखादा वाडा, घर पाडायला काढलं की माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात आणि त्यांतली पुस्तकं किलोच्या भावानं रद्दीत जातात. त्यांतली काही संग्राहकांच्या हाती लागतात, ही आनंदाची गोष्ट. पण रद्दीतून वाचलेलं पुस्तक पुढे घरात बिघडतं, तेही जिवापाड जपणाऱ्या माणसाच्या हातून, हे वारंवार बघायला मिळतं. जुन्या प्रतीचं मोल मजकुरात असतं तितकंच तिच्या अंगावरच्या खुणांत असतं: छापखान्याचं नाव, किंमत, शिवण, जाहिरातीचं पान, कुणीतरी दौतीच्या शाईनं घातलेली तारीख. मजकूर नव्या आवृत्तीतही मिळतो, या खुणा मिळत नाहीत. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका त्या खुणा न वाचण्याच्या, नाहीतर पुसून टाकण्याच्या आहेत.

साल चुकीचं वाचणं

सर्वांत जास्त फसगत इथे होते. जुन्या पुस्तकाच्या नामपृष्ठामागे 'सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणें रजिस्टर केलें आहे' अशा अर्थाची ओळ असते. ती बघून पुस्तक १८६७ सालचं समजणारे पुष्कळ आहेत आणि तसं सांगून विकणारेही आहेत. ते साल कायद्याचं आहे. छापखाने आणि पुस्तकांची नोंदणी करण्याचा कायदा १८६७ मध्ये झाला आणि पुढे कित्येक दशकं छापल्या गेलेल्या पुस्तकांवर त्याचा उल्लेख येत राहिला. १९२० सालच्या पुस्तकावरही ती ओळ सापडू शकते.

दुसरा घोटाळा शकाचा. नुसतं 'शके १८१०' छापलेलं असेल तर त्यात ७८ मिळवा, म्हणजे इसवी सन १८८८ येतं. शक चैत्रात सुरू होतो, त्यामुळे पौष, माघ, फाल्गुन असे वर्षअखेरचे महिने दिले असतील तर बहुधा ७९ मिळवावे लागतात. आकडा नुसता '१८१०' असा असेल आणि आधीचा 'शके' शब्द फाटलेल्या कोपऱ्याबरोबर गेला असेल, तर पुस्तक एकदम पाऊणशे वर्षांनी म्हातारं होऊन बसतं.

प्रस्तावनेखालच्या तारखेवर तर अजिबात विसंबू नका. पहिल्या आवृत्तीची प्रस्तावना तिच्या तारखेसकट पाचव्या-सहाव्या आवृत्तीतही तशीच छापली जाते. प्रस्तावना १८९९ ची आणि प्रत १९३० ची, यात वावगं काहीच नाही. आवृत्तीचा क्रमांक नामपृष्ठावर किंवा त्याच्या मागच्या बाजूला शोधा. तो सापडला नाही तर शेवटची पानं उघडा. प्रकाशकानं स्वतःच्या इतर पुस्तकांची जाहिरात दिली असेल, तर त्या यादीतलं सर्वांत नवं पुस्तक केव्हाचं ते पाहा. तुमची प्रत सहसा त्याआधीची नसते.

किंमतही बोलते. भारतात दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. आण्यांत छापलेली किंमत साधारण त्याआधीची. 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४ या पट्ट्यातलं पुस्तक, कारण जून १९६४ पासून 'नये' गळून नुसते 'पैसे' राहिले. किमतीवर चिकटवलेली चिठ्ठी दिसली तर ती ओढून काढू नका. पान उजेडासमोर धरलं की खालचा आकडा बहुधा वाचता येतो.

शुद्धलेखनावरूनही अंदाज बांधता येतो. 'घरांत', 'कांहीं', 'झालें' अशी अनुस्वारांची दाटी असेल तर मजकूर बहुधा १९६२ च्या नव्या नियमांपूर्वी जुळवलेला आहे. याला पक्का पुरावा मात्र मानू नये, कारण जुन्या वळणाचे लेखक पुढेही तसंच लिहीत राहिले आणि जुना मजकूर पुन्हा छापताना पुष्कळांनी तो बदलला नाही.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. जुन्या ग्रंथांची प्रतिमुद्रणं निघतात, त्यांत मूळ नामपृष्ठ जसंच्या तसं छापलेलं असतं. अभ्यासासाठी ती उत्तम असतात, पण नव्या प्रकाशकाचं पान काढून टाकलं की तीच 'मूळ प्रत' म्हणून फिरतात. इथे डोळ्यांपेक्षा बोट कामाला येतं. खिळ्यांच्या छपाईत शिशाचा टाइप कागदात दाबला जातो, म्हणून पानाच्या मागच्या बाजूला अक्षरांचा हलका उठाव हाताला लागतो. ऑफसेटचं पान सपाट असतं. शिळाछापाच्या पुस्तकात मात्र असा उठाव शोधू नका. तिथे मजकूर हातानं लिहून दगडावर उतरवलेला असतो, त्यामुळे अक्षर लेखनिकाच्या वळणाचं दिसतं. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ मध्ये काढलेली पहिली मुद्रित ज्ञानेश्वरी शिळाछापाचीच होती. म्हणून सोबत साधं भिंग ठेवा आणि दुकानात ते काढायला संकोचू नका.

जुनं ते सगळं दुर्मिळ समजणं

शंभर वर्षांपूर्वीची हरिविजयाची किंवा पांडवप्रतापाची छापील पोथी घरोघर होती, त्यामुळे ती अजूनही सहज मिळते. ती जरूर जपावी, तिच्यासाठी अवाच्या सवा पैसे मोजू नयेत. उलट जे जपायचं कुणाच्या मनातही आलं नाही, ते आज मिळत नाही.

सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' इथेच उभं केलं, नाटककार देवल आणि खाडिलकर याच मातीतले. संगीत नाटकाच्या खेळाला पदांची पातळ पुस्तिका विकली जायची. ती घडी घालून खिशात जायची आणि आठवड्याभरात चुलीत. अशी पुस्तिका पुढ्यात आली तर ती संपूर्ण नाटक नाही म्हणून नाक मुरडू नका, आणि विक्रेता ती 'संगीत शारदा'ची पहिली आवृत्ती म्हणून देत असेल तर पैसे देण्यापूर्वी आत संवाद आहेत का ते बघा. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'चं उदाहरण आणखी वेगळं. नाटक १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं आणि १९१० मध्ये सरकारनं त्यावर बंदी घातली. बंदीपूर्वीची प्रत आणि बंदी उठल्यानंतरची प्रत या दोन वेगळ्या वस्तू आहेत, मजकूर एक असला तरी. नामपृष्ठावरचं साल न पाहता घेणारा आपण काय घेतलं हे सांगू शकणार नाही.

मासिकांकडे तर आपल्याच जिल्ह्यात फार दुर्लक्ष झालं आहे. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' (पुढे त्याचंच 'किर्लोस्कर' झालं), १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' सुरू झालं. बारा अंकांचा एक खंड बांधताना मुखपृष्ठं आणि जाहिराती काढून टाकायची पद्धत वाचनालयांत सर्रास होती, म्हणून सुटा, मुखपृष्ठासह असलेला अंक बांधीव खंडापेक्षा मोलाचा ठरतो. साबणाची, नांगराची, शिवणयंत्राची जाहिरात त्या काळातल्या घराबद्दल जे सांगते, ते संपादकीयात सापडत नाही.

चित्रांच्या पुस्तकांचं दुखणं वेगळं. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींचं 'चित्ररामायण' १९१६ मध्ये निघालं. अशा ग्रंथांतली रंगीत चित्रं काढून चौकटीत लावलेली मी अनेक बैठकींत पाहिली आहेत आणि प्रत्येक वेळी जीव हळहळला. घेताना चित्रांची यादी काढून एकेक चित्र मोजा. आणि स्वतः एकही चित्र काढू नका.

शिक्का न पाहता घेणं

वाचनालयाचा शिक्का आणि दाखल क्रमांक असेल तर जोडीला 'रद्द' किंवा 'निर्लेखित' असा शेरा हवा. तो नसेल तर पुस्तक बहुधा परत न केलेलं असतं. त्या वाचनालयाला विचारा, आणि त्यांचं असेल तर देऊन टाका. हस्तलिखित पोथी किंवा मोडी दफ्तर घेणाऱ्यांनी कायदाही लक्षात ठेवावा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ७५ वर्षांहून जुनं आणि ऐतिहासिक, शास्त्रीय किंवा वाङ्मयीन मोल असलेलं हस्तलिखित ही पुरावस्तू आहे. परदेशातल्या नातेवाइकाला ते भेट म्हणून पाठवता येत नाही.

प्रेमापोटी केलेली डागडुजी

पुस्तक हाती आलं की पहिली इच्छा होते ती बाइंडरकडे न्यायची. थांबा. बाइंडर कुशल असला तरी त्याला शाळेच्या पुस्तकांची सवय असते. तो तिन्ही कडा यंत्रावर कापून सरळ करतो, त्यात समासातली टिपणं अर्धी जातात. जुनं मुखपृष्ठ टाकून रेक्झिन चढवतो, चित्रकार दीनानाथ दलालांनी रंगवलेलं वेष्टन असेल तरी. शिवण उसवून पाठीला सरस फासतो, मग पुस्तक पुन्हा नीट उघडत नाही. बांधणी करायचीच असेल तर चार गोष्टी लिहून द्या: कडा कापायच्या नाहीत, मूळ मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ आत बांधायचं, जाहिरातीची पानं ठेवायची, फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गट, जुन्याच भोकांतून शिवायचे. बांधणी खिळखिळी असेल तर मापाची पुठ्ठ्याची पेटी करून पुस्तक तिच्यात ठेवणं हा कधीही चांगला पर्याय. खर्चही कमी.

सेलोटेप हा जुन्या पुस्तकाचा सर्वांत मोठा शत्रू आहे, वाळवीपेक्षाही, कारण वाळवी कुणी स्वतः आणून लावत नाही. काही वर्षांत फीत गळून पडते आणि तिचा गोंद कागदात मुरून तपकिरी पट्टा कायमचा राहतो. आधीच लावलेली असेल तर ओढू नका, अक्षरं सोबत येतात. फेव्हिकॉल वाळल्यावर सुटत नाही, म्हणून तोही नको. लॅमिनेशन तर उलटवताच येत नाही. फाटलेलं पान जोडायला गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि पातळ जपानी कागद वापरतात. ही खळ पाण्यानं सुटते, म्हणजे उद्या अधिक जाणकार माणसाला तुमचं काम काढून पुन्हा करता येईल. डागडुजीची पद्धत निवडताना मी फक्त हाच प्रश्न विचारतो: हे नंतर काढता येईल का?

पान पिवळं पडून कुरकुरीत झालंय, काय करू, असं पुष्कळजण विचारतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा कागद वापरात आला. त्यातलं आम्ल कागदाला आतून खातं. ते घरी बरं होत नाही, फक्त मंदावतं. ऊन टाळा, उष्णता टाळा, आणि असं पुस्तक झेरॉक्सच्या काचेवर उलटं दाबू नका, पाठ मोडते. वरून मोबाइलनं फोटो काढा. ते फोटो वाटण्यापूर्वी हक्क तपासा. आपल्याकडे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, त्यांचं लेखन खुलं आहे. सांगलीतच जन्मलेले वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले, त्यांचं नाही.

कसर, ओल आणि कपाट

भिंतीला टेकलेलं काचेचं बंद कपाट पावसाळ्यात ओल धरून ठेवतं. मागे चार बोटं जागा सोडा, कोरड्या दिवशी दारं उघडी ठेवा. डांबराच्या गोळ्यांनी कीड पळते, पण मरत नाही, आणि तो वास माणसालाही बरा नव्हे. वेखंड, कडुलिंबाचा पाला जरूर ठेवा, मात्र कापडी पुरचुंडीत. पानांत थेट ठेवलेल्या पाल्याचे डाग पडतात. किडकं पुस्तक नव्यानं घरात आलं तर ते आधी वेगळं ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ ते २० अंशांवर दोन आठवडे ठेवलं तर अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, पुस्तक खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबा.

पुराचं पाणी लागल्यावर

२००५, २०१९, २०२१. कृष्णाकाठच्या माणसाला ही सालं पाठ आहेत. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याकडे सरकू लागली की तळमजल्यावरच्या ट्रंका माडीवर न्या. जमिनीवर ट्रंक ठेवणं हीच मुळात चूक.

तरी भिजलंच, तर वेळ हाच मुख्य मुद्दा. साधारण ४८ तासांत बुरशी धरते. सगळी पुस्तकं एकदम वाळवायला घेतलीत तर निम्मी हातची जातात. जेवढी त्या दिवशी सांभाळता येतील तेवढीच बाहेर ठेवा, बाकीची एकेक करून प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये टाका. गोठलेल्या पुस्तकात बुरशी वाढत नाही, नंतर सवडीनं एकेक काढता येतं. गुळगुळीत कागदावरची चित्रं असलेली पुस्तकं सर्वांत आधी गोठवा, कारण ती वाळताना एकमेकांना चिकटतात आणि मग सुटत नाहीत.

कडक उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नका, पान वेडंवाकडं होतं. इस्त्री तर नकोच. पंख्याखाली, थोड्या-थोड्या पानांनंतर कोरा टीपकागद घालत, तो बदलत राहा. छापील वर्तमानपत्र घालू नका, शाई उतरते. चिकटलेली पानं सुरीनं सोडवायचा मोह आवरा. शाईनं लिहिलेला मजकूर असेल तिथे दाबून टिपू नका, अक्षर पसरतं. चिखल ओला असताना खरवडला तर तो कागदात आणखी घुसतो. पूर्ण वाळल्यावर मऊ ब्रशनं, बाहेर मोकळ्या हवेत, तोंडाला मास्क लावून झाडा. बुरशीची पुस्तकं किमान एक पावसाळा बाकीच्या संग्रहापासून वेगळ्या खोलीत ठेवा आणि दर पंधरवड्याला उघडून शिवणीजवळ पाहा, बुरशी पुन्हा धरली तर आधी तिथेच धरते.