घरापुरतं पाणी घरातच: बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणीकडच्या घरांसाठी कृती

बेळगाव जिल्ह्यात पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने उतरत जातो. कणकुंबी-आमगावकडे तो कित्येक हजार मिलिमीटर कोसळतो, बेळगाव शहरात साधारण १३०० मिलिमीटर पडतो आणि अथणीला पोचेपर्यंत ५५०च्या आसपास येतो. तरी चैत्र-वैशाखात घागरी दोन्हीकडे रिकाम्याच. मलप्रभा जिथे उगम पावते त्या खानापूर तालुक्यातल्या वाड्यांवरही एप्रिलमध्ये आडाचा तळ दिसतो. पाऊस आठ महिने अडवून ठेवायची सोय आपल्या घरांत नाही, खरी अडचण ती आहे आणि ती घराच्या पातळीवर बऱ्यापैकी सुटते.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून टाका: वर्षाचं सगळं पाणी टाकीत साठवायचा विचार सोडा. पाच माणसांचं घर दिवसाला ५०० लिटर वापरतं असं धरलं तरी आठ महिन्यांचे सव्वा लाख लिटर होतात. एवढी टाकी बांधायला जागाही नाही आणि पैसाही नाही. टाकीत साठवायचं ते फक्त पिण्याचं आणि स्वयंपाकाचं. अंघोळ-धुण्याचं पाणी विहिरीतून किंवा बोअरमधून काढायचं आणि पावसाळ्यात तिथेच परत घालायचं. झाडांना नवं पाणी द्यायचंच नाही, न्हाणीतलं द्यायचं. हे तीन कप्पे डोक्यात पक्के झाले की खर्च निम्म्याने खाली येतो.

आधी मोजमाप

आठवडाभर घरातलं पाणी मोजा. वीस लिटरची रंगाची बादली घ्या आणि अंघोळीला किती, भांड्यांना किती, कपड्यांना किती हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत जा. जलजीवन मिशन खेड्यात माणशी रोज ५५ लिटर धरतं, शहरी पाणीपुरवठ्याचं माप १३५ लिटर आहे. तुमचा आकडा १००च्या वर गेला तर टाकी बांधायच्या आधी नळ दुरुस्त करा. संडासाच्या फ्लश टाकीत थोडं हळदीचं पाणी ओता आणि फ्लश न करता पंधरा मिनिटं थांबा. खाली भांड्यात पिवळं दिसलं तर ती टाकी रात्रंदिवस गळते आहे. जुना फ्लश एका वेळी दहा लिटर सोडतो, त्या जागी धुण्याच्या शेवटच्या पाण्याची अर्धी बादली पुरते. वरून कपडे घालायच्या वॉशिंग मशीनला एका फेरीत शंभर लिटरही लागतात, म्हणून तिचा पाइप गटारात न सोडता पिंपात सोडा.

छप्पर किती देतं?

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. हजार चौरस फुटांचं छप्पर म्हणजे ९३ चौरस मीटर. उडून, सांडून, पहिल्या धुण्यात पाचवा हिस्सा जातो असं धरा. बेळगावात अशा छपरावरून वर्षाला सुमारे ९६ हजार लिटर मिळतं आणि अथणीत ४० हजार. म्हणजे कमी पावसाच्या तालुक्यातही आठ कोरड्या महिन्यांच्या पिण्या-स्वयंपाकाच्या पाण्याच्या चौपट पाणी आपल्या डोक्यावरून वाहून जातं. तुमच्या होबळीचा (तालुक्यातल्या महसुली विभागाचा) पावसाचा आकडा रयत संपर्क केंद्रात विचारा आणि स्वतःचं गणित मांडा.

स्लॅब, मंगलोरी कौलं आणि जस्ती पत्रा या तिन्हींवरचं पाणी घेता येतं. सिमेंटचा जुना, भुगा सुटणारा पत्रा असेल तर ते पाणी पिण्यासाठी नको, विहिरीकडे वळवा. कौलारू घराला पावळीखाली पन्हळ लावताना दर दहा फुटांना किमान एक इंच उतार द्या आणि आकडे दोन-दोन फुटांवर ठोका. आपल्याकडचा जुलैचा पाऊस वाऱ्यासकट येतो. उथळ पन्हळीतून पाणी बाहेर उडतं, म्हणून खोल पन्हळ घ्या. हजार फुटांच्या छपराला पाणी खाली आणणारे चार इंची पीव्हीसी पाइपचे दोन उभे उतार ठेवा. एकावर भागत असेलही, पण पानं अडकून एक तुंबला तर दुसरा हवा.

छपरावर येणाऱ्या फांद्या मे महिन्यात छाटा आणि स्लॅब झाडून घ्या. साखर कारखाने आणि गुऱ्हाळांच्या पट्ट्यात, म्हणजे निपाणी-संकेश्वर-चिक्कोडीकडे, गाळप हंगामात काजळी पडते आणि ती कौलांच्या खाचांत बसते. तिथे नुसतं झाडून भागत नाही, एकदा घासून धुवावं लागतं.

वळीव टाकीत घेऊ नका

एप्रिल-मे मधला वळवाचा पाऊस पहिल्या पाच मिनिटांत सगळ्या उन्हाळ्याची धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि शेवाळ खाली आणतो. तो पूर्ण बाहेर सोडा. मिरगाचा पाऊस दोन-तीनदा नीट लागून गेल्यावरच टाकीकडचा व्हॉल्व्ह उघडा. त्यानंतरही पावसाने आठवडाभर दडी मारली की पुढच्या सरीचं पहिलं पाणी बाजूला काढायचं. त्यासाठी उताराच्या पाइपला टाकीच्या अलीकडे एक टी (तीन तोंडांचा जोड) जोडा आणि तिच्याखाली सहा इंची पाइप तीन मीटर उभा सोडा, तळाला झाकण आणि बारीक नळ. या पाइपात पन्नासेक लिटर घाण पाणी मावतं. तो भरला की पुढचं स्वच्छ पाणी आपोआप टाकीच्या वाटेला लागतं. पाऊस थांबला की खालचा नळ उघडून तो रिकामा करायचा. हे काम घरातल्या एका माणसाच्या नावावर टाका, नाहीतर कोणीच करत नाही.

गाळण दोनशे लिटरच्या प्लॅस्टिकच्या पिंपात होते. तळाला मुठीएवढे दगड, त्यावर खडी, त्यावर कोळशाचा थर, सगळ्यात वर फूटभर धुतलेली जाडसर वाळू आणि प्रत्येक थरामध्ये नायलॉनची जाळी. पाणी वरून येतं आणि तळाच्या नळीतून टाकीत जातं. पिंपाला वरच्या बाजूला सांडवा ठेवा, मोठ्या सरीत पिंप भरून वाहतंच. वाळूचा वरचा थर पावसाळ्यात एक-दोनदा काढून धुवा, कोळसा दर वर्षी बदला.

टाकी

आत आठ फूट लांब, सात फूट रुंद, सात फूट खोल. तळाचं अर्धा फूट गाळासाठी सोडा, वरचं अर्धा फूट सांडव्याला. मधल्या सहा फुटांत साडेनऊ हजार लिटर राहतं. पाच माणसांना पिणं आणि स्वयंपाक मिळून रोज चाळीस लिटर धरले तर ते सुमारे २४० दिवस जातं, म्हणजे १० ऑक्टोबरपासून मिरगापर्यंत. हे माप मी मुद्दाम असं धरलं आहे. माणसं कमी-जास्त असतील तर लांबी बदला, खोली सातच ठेवा, म्हणजे उतरून साफ करता येते.

बेळगाव-खानापूरकडे जमिनीखालचं पाणी जुलै-ऑगस्टमध्ये फार वर येतं. तिथे प्लॅस्टिकची टाकी जमिनीत पुरू नका. रिकामी असताना पाण्याच्या दाबाने ती वर उचलली जाते आणि जोडलेले पाइप तुटतात. संप, म्हणजे जमिनीखालची टाकी, बांधायचा तर सळई घातलेल्या काँक्रीटचा बांधा, किंवा फेरोसिमेंटची (तारेच्या जाळीवर सिमेंट लिंपलेली) टाकी जमिनीवर उभी करा. अथणीच्या काळ्या जमिनीचा त्रास वेगळा. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे विटांच्या भिंतींना तडे जातात. तिथे पाया मुरुमापर्यंत न्या किंवा टाकी वरच ठेवा. संडासाच्या खड्ड्यापासून टाकी निदान तीस फूट लांब हवी, आणि उताराच्या वरच्या बाजूला.

टाकीत उजेड जाता कामा नये, गेला की शेवाळ धरतं. सांडव्याच्या तोंडाला बारीक जाळी लावा. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. झाकणाला कुलूप लावाच, घरात आणि शेजारी लहान मुलं असतात. साफ करायला उतरण्याआधी झाकण बराच वेळ उघडं ठेवा, आणि एकट्याने कधीच उतरू नका.

पावसाळा संपून टाकी भरली की निर्जंतुकीकरण. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे या टाकीला पंचवीसेक ग्रॅम. ती बादलीत कालवा, चुना तळाला बसू द्या, वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओता आणि तासभर थांबा. शंका वाटली तर एचटूएस चाचणीची बाटली आणा. नमुना दोन दिवसांत काळा झाला तर विष्ठेतले जंतू असण्याची शक्यता आहे, पुन्हा पावडर टाका. गाळलेलं पाणी उकळून घेतलंत तर आणखी यंत्र लागत नाही. आरओ तर नकोच. पावसाच्या पाण्यात क्षार नसतातच, आणि ते यंत्र एका लिटरमागे दोन-तीन लिटर मोरीत सोडतं.

उरलेलं पाणी जमिनीत

टाकी भरल्यावर सांडव्यातून जे जातं ते खरं धन आहे. परसात आड किंवा विहीर असेल तर गाळलेलं पाणी थेट तीत सोडा, पण पाइप पाण्याच्या पातळीपर्यंत खाली न्या. वरून धार पडली तर गाळ ढवळतो आणि दरडी ढासळतात. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन बेळगावात भरलं, तेव्हा पाण्यासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर आजही काँग्रेस विहीर म्हणून ओळखली जाते. शंभर वर्षांपूर्वी हजारो पाहुण्यांसाठी या शहराने विहिरीवर भिस्त ठेवली. आज राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी नळाला येतं म्हणून घरची विहीर बुजवून तिच्यावर गाडी लावायची जागा करणारे लोक दिसतात, त्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं: तेवढं करू नका. बुजवली असेल तर उपसून पाहा. विहिरीतलं पाणी मोजायचं सूत्र लक्षात ठेवा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं फुटांत, गुणिले बावीस. उत्तर लिटरमध्ये येतं आणि त्यावरून पावडरही ठरते.

बोअर असेल तर केसिंगमध्ये, म्हणजे बोअरच्या पाइपात, पाणी ओतू नका. दहा फूट अंतरावर चार फूट लांब-रुंद आणि आठ फूट खोल खड्डा काढा, त्यात दगड, खडी, वाळू भरा आणि पाणी त्यातून मुरू द्या. जांभ्याच्या तांबड्या जमिनीत असा खड्डा तासाभरात पाणी पितो. काळ्या जमिनीत तो डबकं होऊन बसतो, तिथे मुरूम लागेपर्यंत खणणं भाग आहे. खणण्याआधी दोन फुटांचा छोटा खड्डा करून त्यात बादलीभर पाणी ओतून पाहा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर जागा बदला किंवा खोल जा.

न्हाणी आणि मोरीचं पाणी

हे पाणी विहिरीच्या किंवा बोअरच्या जवळ मुरवू नका, ही यातली सगळ्यात मोठी खबरदारी. ते उताराच्या खालच्या बाजूला न्या. दहा फूट लांब, दीड फूट खोल चर खणा, खडी भरा आणि तिच्यात कर्दळ लावा. मोरीचं पाणी आधी एका छोट्या हौदात थांबवा, म्हणजे तेलकट थर वर राहील आणि तो दर आठवड्याला काढता येईल. चरातून निघणाऱ्या पाण्यावर केळी, नारळ, अळू, जास्वंद छान वाढतात. कोथिंबीर, मुळा असं कच्चं खायचं काही त्या पाण्यावर घेऊ नका. संडासाचं पाणी यात मिसळता कामा नये. पावसाळ्यात चर बंद ठेवला तरी चालतो, त्याची गरज दिवाळीनंतर लागते.

हात आखडता असेल तर सगळं एका वर्षात करायचा आग्रह नको. पहिल्या वर्षी गळती थांबवा, पन्हळ लावा आणि पाणी गाळून विहिरीत सोडा. दुसऱ्या वर्षी टाकी बांधा. चर तर घरच्या घरी दोन दिवसांत होतो, त्याला गवंडीही लागत नाही.

टाकी झाली की एका बांबूच्या काठीवर फुटाफुटाच्या खुणा करा आणि ती झाकणाजवळ ठेवा. या मापाच्या टाकीत एक फूट पाणी चाळीस दिवस जातं. गुढीपाडव्याला काठी घालून पाहा, गाळाचं अर्धा फूट धरून अडीच फूट भिजायला हवी. कमी भिजली तर त्याच दिवसापासून टाकीचं पाणी फक्त पिण्याला ठेवा आणि भाजी-तांदूळ धुणं विहिरीच्या पाण्यावर न्या.