पान्हा जोरात येत असेल तर नवजात बाळाला कसे पाजावे

बाळ स्तनाला लागते, दोन-चार घोट शांतपणे घेते आणि एकाएकी घटाघटा गिळू लागते; त्याला ठसका लागतो, ते स्तन सोडून रडते आणि दुधाची धार मात्र त्याच्या गालावर उडतच राहते. असे दोन-तीनदा झाले की बाळाला आईचे दूध नको आहे किंवा ते त्याला पचत नाही, असा निष्कर्ष घरात फार लवकर काढला जातो. बहुतेक वेळा दुधात काहीच खोट नसते, त्याचा वेग तेवढा बाळाला झेपत नसतो. बाळ चोखू लागले की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते, दूधग्रंथींभोवतीचे बारीक स्नायू आकुंचन पावतात आणि साठलेले दूध जोराने पुढे ढकलले जाते. हा पहिला जोर सहसा एक-दोन मिनिटांत ओसरतो, म्हणून सारी काळजी त्या एक-दोन मिनिटांचीच घ्यायची असते.

सर्वप्रथम बसण्याची पद्धत बदलावी, कारण पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते. ताठ बसून किंवा बाळावर वाकून पाजल्यास धार थेट त्याच्या घशात उतरते. त्याऐवजी पाठीला आणि मानेला उशांचा आधार घेऊन आईने मागे रेलावे. पूर्ण आडवे होऊ नये. बाळाला छातीवर पालथे घ्यावे, त्याचे पोट आईच्या अंगाला टेकलेले असावे आणि नाक मोकळे राहावे. आता दूध बाळाला वरच्या दिशेने ओढून घ्यावे लागते आणि धार जास्त झाली तर ते स्वतःच डोके मागे घेऊ शकते. यासाठी त्याच्या खांद्यांना आणि पाठीला हात द्यावा, डोके मागून दाबून धरू नये. दुसरा मार्ग कुशीवर पडून पाजण्याचा. यात जास्तीचे दूध ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर ओघळते, त्यामुळे गालाखाली कापडाची घडी ठेवावी. मात्र आईला डुलकी लागेल इतका थकवा असेल तर जवळ कुणीतरी जागे असावे, आणि पाजून झाल्यावर बाळाला त्याच्या जागी पाठीवरच झोपवावे.

एवढ्याने भागले नाही तर पहिली धार बाहेर जाऊ द्यावी. पान्हा येताना काही जणींना स्तनात झिणझिण्या जाणवतात, काहींना काहीच जाणवत नाही. बाळाच्या गिळण्याचा वेग अचानक वाढणे ही खूण मात्र सहसा चुकत नाही. ती दिसताच करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून हिरड्यांमध्ये सरकवून पकड सोडवावी, कारण तसेच ओढून काढल्यास स्तनाग्राला इजा होते. धार कापडावर किंवा वाटीत पडू द्यावी आणि तिचे थेंब झाले की बाळाला पुन्हा लावावे. पाजण्यापूर्वी हाताने थोडे दूध पिळून काढले तरी चालते, पण थोडेच. हलके वाटावे म्हणून प्रत्येक वेळी पंपाने स्तन रिकामा केला तर शरीर तेवढे दूध आणखी बनवते आणि अडचण वाढत जाते.

बाळ भुकेने रडू लागण्याआधी, हात तोंडाकडे नेऊ लागले की लगेच पाजावे. भुकेजलेले बाळ जोरात ओढते. अशा बाळाच्या पोटात हवाही बरीच जाते, म्हणून मध्ये थांबून ढेकर काढावी.

एका स्तनाने बाळाचे पोट भरत असेल तर दुसरा देण्याचा आग्रह नको. मात्र दूध कमी करण्यासाठी काही तास सलग एकाच स्तनावर पाजण्याची पद्धत पहिल्या आठवड्यांत स्वतःच्या मनाने सुरू करू नये. त्याने दूध गरजेपेक्षा कमी होऊ शकते, शिवाय दुसऱ्या स्तनात ते दाटून गाठी होतात. स्तन घट्ट बांधून ठेवणे तर टाळावेच. दुधाचे प्रमाण बाळाच्या गरजेशी जुळायला बहुधा दीड ते तीन महिने लागतात आणि तोवर बाळही गिळण्यात तरबेज होते.

या काळात बाळाच्या वजनावर आणि शूवर लक्ष ठेवावे. नवजात बाळ 24 तासांत साधारण 8 ते 12 वेळा पिते, पाचव्या दिवसानंतर दिवसाला किमान 6 लंगोट ओले करते आणि दोन आठवड्यांच्या आसपास जन्मवजनावर परत येते. एवढे होत असेल तर अधूनमधून दूध टाकणे किंवा हिरवट, फेसाळ शी होणे यांची धास्ती घेऊ नये. वजन वाढत नसेल, धार मंदावल्यावरही ठसके लागत असतील किंवा श्वास घेताना घरघर होत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. पकडीतला दोष, जिभेखालचा आखूड पडदा किंवा श्वासमार्गाची अडचण त्यांना तपासता येते. पिताना ओठ निळे पडले किंवा श्वास थांबला तर तत्काळ रुग्णालय गाठावे. आईला ताप येऊन स्तनाचा एखादा भाग लाल, कडक आणि दुखरा झाला तर तिनेही डॉक्टरांकडे जावे, पण पाजणे सहसा थांबवावे लागत नाही.